वर्षातली पहिली तक्रार

देवखेड्याच्या नगरपालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा खर्च कुठे कापायचा हे सांगायला भरभक्कम मानधन देऊन मुंबईचा सल्लागार आणला. त्याने सोमवारी तक्रारवही मागवली, उभ्या उभ्या चाळली आणि भर सभेत निकाल दिला, "वर्षभरात गटारांची एकही तक्रार नाही. मग गटारं उपसायला अकरा बाया पोसता कशाला? गुरुवारी ठराव करून काढून टाका."

नगरसेवकांनी माना डोलावल्या. दारात उभ्या असलेल्या मुकादम सुंदराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज पहाटे बाया घाणीत उतरत होत्या, म्हणून तर तक्रार येत नव्हती. पण ती एवढंच म्हणाली, "साहेबांचं पटलं. सुरुवात साहेबांपासूनच करू."

सल्लागार ज्या विश्रामगृहात उतरला होता, त्याच्यामागच्या गटाराला त्या दिवसापासून कुणी फावडं लावलं नाही. गुरुवारी सकाळी त्याच्या न्हाणीघरात घोटाभर काळं पाणी उलटं चढलं. पँट दुमडून, नाकाला रुमाल लावून तो सभेत शिरला. "कोण साफ करणार ते?"

सुंदराबाईने तक्रारवही त्याच्यापुढे उघडून धरली. "तक्रार नाही तर गरज नाही, हा तुमचाच नियम. लिहा साहेब, म्हणजे फावडं उचलते."

त्याने तक्रार लिहिली. ठराव बारगळला, अकरा जणींची कामं राहिली. सल्लागाराला मानधन मात्र पुरतं मिळालं. ते भागवायला बायांचे हातमोजे तेवढे बंद केले.