मृताला दिलेले उत्तर

मी मराठीची शिक्षिका; या प्रकरणातील माझा वाटा आधी सांगते. रुग्णालयातील बोलक्या यंत्राची चाळीस मराठी उत्तरे मी तपासली, निर्दोष ठरवली आणि खाली सही केली.

सीमेवरील एका गावातील त्या रुग्णालयात एक वृद्ध डॉक्टर आणि त्यांचा तरुण शिष्य रुग्ण पाहत असत. गावात मराठी आणि कानडी, दोन्ही भाषा चालत. प्रत्येकाला समजावून सांगण्यास वेळ पुरेना, म्हणून शिष्याने बाहेरच्या दालनात ते यंत्र बसवले. त्याचा आवाज प्रेमळ स्त्रीचा होता.

एके दुपारी मी तिथेच असताना मधुमेहाची रुग्ण गंगव्वा यंत्रासमोर बसली. दुसऱ्या दिवशी तिचा कडक उपवास होता. इन्सुलिन घ्यावे का, असे तिने कानडीत विचारले. नेहमीएवढेच घ्यावे, असे यंत्राने सांगितले. ती समाधानाने निघाली, तेव्हा ते उत्तर ऐकलेल्या वृद्ध डॉक्टरांनी तिला दारातच थांबवले. रिकाम्या पोटी तेवढी मात्रा तिच्या जिवावर बेतली असती.

शिष्याने घाईने तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. डॉक्टरांना विचारल्यावाचून काही ठरवू नका, असे उत्तर आले. इंग्रजीत तर बरोबर सांगते, असे तो पुटपुटला.

वृद्ध डॉक्टर खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "मी काल मेलो. आज इंजेक्शन घेऊ का?"

शिष्य हसला. त्यांनी तोच प्रश्न कानडीत आणि मग इंग्रजीतही विचारला.

मराठीत उत्तर आले, "हो, नेहमीच्या वेळी घ्या आणि विश्रांती घ्या." कानडीत यंत्र म्हणाले, घ्या, पण जेवण चुकवू नका. इंग्रजीत मात्र प्रश्न समजला नसल्याचे त्याने सांगितले. आवाज तिन्ही वेळा तितकाच मायाळू होता. भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपली खुर्ची हळूच मागे सरकवली. शिष्याचे हसू मावळले होते.

"बाई, सही तुमची आहे," तो माझ्याकडे वळून म्हणाला.

"वाक्यात एकही चूक नाही," मी उत्तरले, आणि माझेच शब्द ऐकून चपापले.

वृद्ध डॉक्टर म्हणाले, "चुकतो मीही. पण ठाऊक नसले की मी अडखळतो, आणि मी अडखळलो की रुग्ण सावध होतो. या यंत्राला इंग्रजीत थांबता येते. आपल्या भाषांत ते बोलायला शिकले, थांबायला शिकले नाही. आणि बाई, त्या न थांबण्यालाच तुम्ही अस्खलितपणा समजलात."

मी तपासलेली उत्तरे मनात पुन्हा चाळली. चाळीस उत्तरांत एकदाही 'मला ठाऊक नाही' आले नव्हते, आणि ते मला खटकले नव्हते.

त्याच दुपारी निर्णय झाला. भाषा आणि औषध दोन्ही जाणणारी माणसे प्रत्येक भाषेत यंत्राची स्वतंत्र परीक्षा घेईपर्यंत ते बंद राहील. तोवर रुग्णाने ऐकलेली सूचना स्वतःच्या शब्दांत परिचारिकेला सांगूनच घरी जायचे. शिष्याने होकार दिला. मी माझी सही खोडली. गंगव्वाने उपवास सोडण्यास साफ नकार दिला. सकाळी येऊन साखर तपासून घेईन आणि डॉक्टर सांगतील तेवढेच इन्सुलिन घेईन, एवढे तिने मान्य केले.