पाणमांजरीच्या चार फेऱ्या

डोंगराच्या कुशीतल्या एका तळ्याकाठी एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. एरवी पोहण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. पण बाळांनो, शर्यत म्हटली की बिचारीचे डोके चालेनासे होई. त्या तळ्याची रीत अशी, की उन्हाळा सरत आला की काठावरच्या बिळांची वाटणी शर्यतीने करायची. उंबराच्या मुळापासून समोरच्या काळ्या खडकापर्यंत जायचे आणि परत यायचे, असे दोनदा. म्हणजे चार फेऱ्या झाल्या. जो पहिला येईल त्याला उंबराखालचे उंच, कोरडे बीळ मिळे. मागच्या वर्षी पाणमांजरी पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होती आणि तिसऱ्या फेरीत धापा टाकत सगळ्यांच्या मागे. वाट्याला आले ते अगदी खालचे बीळ. पावसाळ्यात त्यात पाणी शिरले आणि धाकटे पिल्लू वाहून जाता जाता वाचले. ते आठवले की अजूनही तिच्या काळजात धस्स होई. यंदा काहीही करून उंबराखालचे बीळ मिळवायचेच, असे तिने ठरवले होते.

शर्यतीच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तळ्यात कोणी कोणाला खायचे नाही, असा जुना नियम होता. त्यामुळे दुपार कलल्यावर सगळे न भिता तिच्याजवळ आले, आणि आले ते सल्ला घेऊनच. बेडूक म्हणाला, "डोकं वर काढूच नकोस. श्वास घेतलास की वेळ गेला. मी बघ, किती वेळ खाली बसतो!" बदक म्हणाले, "भलतंच! मान सारखी वर ठेवायची. हवाच हवा, दम लागेलच कसा?" मासोळी नियम असूनही जरा लांबूनच बोलली, "वर यायचं कशाला मुळी? पाण्यातच श्वास घे. आम्ही नाही का घेत?"

पाणमांजरी चक्रावून गेली. डोके खाली ठेवायचे की वर? की वर यायचेच नाही? तिघेही इतक्या खात्रीने बोलत होते, की खोटे तरी कोणाला म्हणावे! शेवटी ती म्हाताऱ्या कासविणीकडे गेली. "आजी, तुम्हीच सांगा, श्वास कसा घेऊ?"

कासविणीने डोळे किलकिले केले. "पिल्लांना मासा नेतेस ना रोज, याच तळ्यातून? तेव्हा दम लागतो का गं?"

"नाही लागत."

"बरं," असे म्हणून कासवीण पुन्हा डुलक्या घेऊ लागली.

'मी विचारते शर्यतीचं आणि ही विचारते घरचं!' पाणमांजरीच्या डोक्यात आणखीच गोंधळ झाला. तेवढ्यात पंच बगळ्याने हाक दिली. हा बगळा जन्मात कधी पोहला नव्हता, पण फेऱ्या मोजण्यात त्याची चूक होत नसे.

शर्यत सुरू झाली. शर्यतीत उतरलेल्यांपैकी पाणसाप सुसाट सुटला. पाणमांजरीने बेडकाचे ऐकून गाल फुगवले आणि डोके खाली घातले. अर्ध्या वाटेवरच छाती फुटते की काय असे तिला झाले. मग मासोळीचे आठवून तिने पाण्यातच श्वास ओढला. नाकात पाणी गेले, ठसका लागला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या फेरीत तिने बदकासारखी मान वर धरली, तर मागचे अंग बुडू लागले आणि पाय शिशासारखे जड झाले. पाणसाप कितीतरी पुढे गेला होता. आता कोणाचे ऐकावे, तेच तिला कळेना. उंबराच्या मुळाशी ती पोहोचली तेव्हा तिला रडू येत होते.

तिथे दोन्ही पिल्ले काठावर बसली होती. शर्यतीचे त्यांना काय! सकाळपासून पोटात काही नव्हते. "आई, भूक लागली! कधी येणार घरी?" दोघांनी एकच भुणभुण लावली.

"आलेच हं!" पाणमांजरी सवयीने म्हणाली आणि वळली. पिल्लांच्या काळजीत बेडूक, बदक, मासोळी सगळी डोक्यातून गेली, आणि अंग आपोआप रोजच्या चालीवर आले. तीन हात मारायचे, तेवढ्यात आतला श्वास बुडबुड्यांनी हळूहळू पाण्यात सोडायचा, मग तोंड जरासे बाजूला वळवून नवा श्वास घ्यायचा. पुन्हा तीन हात. घाई नाही, झटापट नाही. खडक कधी आला तेही तिला कळले नाही. दम लागला नव्हता! तेव्हा कुठे कासविणीच्या प्रश्नाचा उलगडा तिला झाला.

चौथ्या फेरीत पाहते तो पाणसाप पुढेच होता, पण आता त्याचे वळसे ढिले पडले होते. सगळी ताकद त्याने पहिल्या दोन फेऱ्यांतच उधळली होती. पाणमांजरीने चाल सोडली नाही. उंबर दहा हातांवर आल्यावर मात्र तिने राखून ठेवलेला सगळा दम लावला आणि पाणसापाच्या आधी मुळाला पंजा टेकवला.

"पाणमांजरी पहिली!" बगळा ओरडला.

लगेच बेडूक, बदक आणि मासोळी लगबगीने जवळ आली. "माझं ऐकलंस म्हणून जिंकलीस!" तिघेही एकदमच म्हणाले. पाणमांजरीने पिल्लांना एकेक करून तोंडात धरले आणि उंबराखालच्या कोरड्या बिळात नेऊन ठेवले. तिथल्या मातीवर पंजा फिरवला तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"आई, मासा?" धाकट्याने विचारले.

पाणमांजरीने बाहेर पाहिले. सूर्य डोंगराआड चालला होता. मासोळीनेही ते पाहिले, आणि बढाई अर्धवट टाकून ती खोल पाण्यात दिसेनाशी झाली.

तात्पर्य : लांबच्या शर्यतीत दुसऱ्याच्या श्वासावर पोहू नये, आपली चाल ओळखावी, ती पहिल्या फेरीपासून धरावी आणि शेवटच्या दहा हातांसाठी दम राखून ठेवावा.