वाऱ्यावर गेलेला चेंडू

फार वर्षांमागं वाळवंटातल्या गोल्फच्या मैदानावर एक कोरा चेंडू होता. झेंड्याखालच्या खळीत पोचायचं, नाहीतर वाळूत कायमचं गाडून घ्यायचं, एवढंच त्याच्या नशिबात होतं. वारा घोंघावत होता आणि ह्याची बोबडी वळली होती.

चेंडू टोलवायची जुनी लोखंडी दांडी म्हणाली, "पोरा, असल्या वाऱ्यात मान वर काढू नये. जमिनीलगत सरपटत जा. खरचटशील, पण पोचशील."

"नको गं आजी, खाली काटे आहेत!" चेंडू शेजारच्या मोठ्या दांड्याकडे वळला. "दांडेदादा, तूच मला उंच उडव."

भित्र्याला अक्कल कुठली! मोठ्या दांड्यानं हाणला टोला.

वर काटे नव्हते, पण धरायलाही काही नव्हतं. वाऱ्यानं त्याला झेंड्यावरून उचलून वाळूच्या डोंगरांकडे नेलं.

"आजी, आता खाली कसं येऊ?" तो किंचाळला. आजीला ते ऐकूच गेलं नाही.