राजेसाहेबांनी उतरवलेली काहिल

"एका काहिलीला पाच-पाच माणसं? चार तर फुकटच खातात, सरकार!"

दिवाण विश्वंभरपंतांनी एवढंच कानात सोडलं आणि सोनतळीचे राजे रणधवल हट्टाला पेटले. सरकारी गुऱ्हाळाचा गूळ लांबलांबच्या बाजारांत नावाजलेला, पण राजेसाहेबांनी गुऱ्हाळात कधी पाऊल टाकलं असेल तर शपथ! हुकूम सुटला, "ज्याच्या हातावाचून गूळ होत नाही तो एकच माणूस राहील. बाकीच्यांनी घर गाठावं. तो कोण हे दोन दिवसांत सांगा, नाहीतर पाचही जणांना नारळ!"

झालं! गुऱ्हाळावर जुंपली.

"विचारायचं काय त्यात?" गुळव्या येसबा मिशीला पीळ देत म्हणाला. "पाक आला की नाही, हे माझ्याशिवाय कोण ओळखतं?"

"आणि रस काय तुझा बाप काढतो?" चरकावरचा धोंडू उसळला.

मळी काढणारी गंगू आणि मोळ्या वाहणारा रावजी तरी कशाला मागे राहतील? कालपर्यंत एकमेकांच्या फडक्यातली भाकरी खाणारी ही माणसं, आज एकमेकांच्या उरावर बसायला निघाली. शहाणी म्हणायची!

चुलवाणात जाळ घालणारी हौसा मात्र भडकली. "भांडा, भांडा! दिवाणजींना हेच हवंय! माझ्या घरी दोन लेकरं आहेत. तुमच्या मोठेपणापायी त्यांना उपाशी ठेवू होय?"

ती तडक दरबारात गेली. "महाराज, उद्या आपणच गुऱ्हाळावर या. हवा तो एक माणूस निवडा. बाकीचे कशाला हात लावणार नाहीत. खरं-खोटं काहिलच सांगेल!"

दुसऱ्या दिवशी राजेसाहेब आले. बरोबर दिवाणजी आणि एक भालदार. काहिलीत रस रटरटत होता.

"हा गुळव्याच तो एक!" दिवाणजींनी बोट दाखवलं. येसबाची छाती फुगली. हौसा बाकीच्या तिघांना घेऊन बाभळीखाली हाताची घडी घालून बसली.

येसबाने पाकाचा थेंब पाण्यात टाकला. गोळी वळली.

"पाक आला! उतरवा काहिल!" तो सवयीने ओरडला.

कोणी हललं नाही.

"उतरव की! तू एकटा पुरेसा आहेस ना?" हौसा बसल्या जागेवरून म्हणाली.

येसबाने दांड्याला खांदा लावला. चौघांनी उचलायची काहिल ती, एकट्याला कसली दाद देते! खाली निखारे धगधगत होते. करपल्याचा वास सुटला. येसबा रडकुंडीला आला.

"अरे, गूळ जळतोय! उचला!" राजेसाहेब थयथयाट करू लागले.

"कसं उचलणार, महाराज? हुकूम आपलाच!" हौसा म्हणाली.

राजेसाहेबांनी धोतराचा काचा मारला, एका दांड्याचं एक टोक धरलं, दुसरं दिवाणजींच्या हातात कोंबलं आणि दुसऱ्या दांड्याला येसबासमोर भालदाराला उभं केलं. "हं, उचला!" काहिल उठली, पण गूळ निववायच्या वाफ्यावर टेकते न टेकते तोच चटका बसून दिवाणजींनी दांडा सोडला. कडेचा पाक त्यांच्या नव्या जोड्यांवर सांडला आणि ते एका पायावर नाचू लागले. बाकीचा गूळ तेवढा वाचला.

पागोटं राखेत पडलेलं, राजेसाहेब धापा टाकत खाली बसले. "आता सांग, तो एक कोण?"

"सापडला, महाराज!" हौसाने हात जोडले. "आज आपला हात लागला नसता तर गुळाचा कोळसाच झाला असता. म्हणून हुकुमाप्रमाणे आपण एकटे राहा, आम्ही पाचही जण निघालो. उद्या जरा लवकर या हं! कोंबडं आरवायच्या आत बैल जुंपावे लागतात!"

दिवाणजींचा चेहरा पांढराफटक पडला. राजेसाहेबांच्या तोंडाचा कोपरा मात्र हलला. "आणि आमचे दिवाणजी? त्यांना तरी मदतीला ठेवू ना?"

"छे छे, महाराज! काहिल हातात असताना दांडा सोडणारा माणूस आम्ही गुऱ्हाळात उभासुद्धा करत नाही. आपण दरबारात कसा ठेवलात?"

राजेसाहेब पोट धरधरून हसले. पाचही जणांना गुऱ्हाळ जन्मभरासाठी मिळालं, हौसाला वर नदीकाठचा मळा मिळाला. आणि दिवाणजी? त्यांना त्याच दिवशी नारळ मिळाला!