डोहात सोडलेली डिस्क

"मग हे थांबलंय कुणासाठी?" निजानंदबुवांनी विचारलं.

शिरीष नव्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिला. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण ते द्यायची लाज वाटत होती.

मठाच्या जुन्या कॉम्प्युटरवर बुवांच्या गुरूंची प्रवचनं होती. तो सगळा संसार, कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीसकट, नव्या यंत्रावर ने, मग दीक्षेचं बोलू, असं बुवा म्हणाले होते. शिरीष शहरातला नावाजलेला इंजिनियर. नोकरी, बायको, शाळकरी मुलगी, सगळं सोडून आलेला, आणि सोडल्याचं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवणारा. मुलगी, ऋता, रोज संध्याकाळी मठात फोन करी. हा घेत नसे. त्याला तो वैराग्य म्हणे.

त्याने फायली जशाच्या तशा नव्या डिस्कवर उतरवल्या. मग यंत्र सुरू करून बघायच्या आधीच जुनी डिस्क हळदकुंकू वाहून डोहात सोडून आला. मठातल्या भंगलेल्या मूर्ती तिथंच जात.

नवं यंत्र ढिम्म हललं नाही. नव्या यंत्रांना सुरू करणाऱ्या यूईएफआयची रीत निराळी. ते आधी डिस्कवरचा एक छोटा कप्पा उघडतं आणि कुणाला जागं करायचं ते तिथं बघतं. शिरीषने तो कप्पा केलाच नव्हता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण गडी हुशार, खटपट करून त्याने कप्पा केला. यंत्र जागं झालं, प्रवचनं शाबूत निघाली.

फक्त सुरू होताना ते दर वेळी मध्येच अडकून बसे. बुवा त्याबद्दलच विचारत होते.

"जुन्या डिस्कसाठी," शिरीष शेवटी म्हणाला. "एका फाइलीत तिची खूण राहून गेलीय. यंत्र तिला शोधतं, वाट बघतं... मग नाइलाजाने पुढं जातं."

"ती तर डोहात आहे."

"यंत्राला कुठं माहीत?"

शिरीषने ती फाइल उघडली.

"एकच ओळ आहे, बुवा. आत्ता पुसतो."

"पूस."

त्याने ती पुसली. या खेपेला यंत्र कुठंही न अडकता सुरू झालं. शिरीषला इतका आनंद झाला की त्याने तिथंच बुवांचे पाय धरले.

"मागचं काही उरलं नाही. यात नाही, माझ्यातही नाही. आता दीक्षा द्या."

तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजू लागला. संध्याकाळ झाली होती.

शिरीष मान खाली घालून बसून राहिला. बुवांनी उठून फोन आणला आणि वाजता तसाच त्याच्यासमोर ठेवला. तो वाजत राहिला... मग थांबला.

शिरीषचा हात फोनकडे गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

बुवा म्हणाले, "आता पोरीच्या मनातली तुझी खूण पुसून ये. मग देतो."