चढता भाव, रिकाम्या खुर्च्या

धनावडे सरांच्या शब्दावर शेअर घेऊन मालिनीबाई रसाळांची निवृत्तीची निम्मी पुंजी बुडाली होती. आपण कुठे चुकलो हे कळावं, म्हणून त्या साताऱ्यातल्या सरांच्या शेअरबाजाराच्या वर्गाला अजूनही येत.

त्या दिवशी सरांनी पडद्यावर नवा शेअर दाखवला. “भाव रोज चढतोय. डोळे मिटून घ्या.”

“पण सर, खरेदी-विक्री रोज घटतेय, म्हणजे घेणारेच कमी होतायत,” मालिनीबाई म्हणाल्या.

“बुडालेल्यांनी शिकवू नये, बाई. भाव चढला म्हणजे माल चांगला.”

“मग तुमचा वर्गही चांगलाच म्हणायचा, सर. फी दर महिन्याला चढते आणि खुर्च्या रिकाम्या होत जातात.”

उरलेल्या सात जणांनी वह्या मिटल्या.

जिना उतरताना बाईंना जिंकल्यासारखं वाटलं नाही. हे वर्षभरापूर्वी दिसायला हवं होतं, एवढंच मनात येत राहिलं.