शांखल्यांचे गणित आणि वरेण्येचा शाप

पूर्वी द्वापरयुगाच्या आरंभी, देवासुरांची महायुद्धे ओसरून वसुंधरेने मोकळा श्वास घेतला होता, त्या काळी सुवेणी नदीच्या उत्तर तीरावर महर्षी शांखल्यांचा आश्रम होता. बकुळ, कदंब आणि अशोक यांच्या घनदाट छायेने वेढलेला, अखंड होमधूमाने सुगंधित झालेला, जिथे मृगशावके वेदघोष ऐकत निर्भयपणे रवंथ करीत आणि वल्कले वाळत घातलेल्या फांद्यांवर शुकसारिका निःशंक बसत, असा तो रम्य आश्रम. पण त्या रम्यतेत फार रेंगाळावे अशी ही कथा नाही. ही संतापाची कथा आहे, आणि तो संताप महर्षींचा नव्हे, त्यांच्या धर्मपत्नीचा आहे. ऋषींच्या रागाच्या कथा पुष्कळ सांगून झाल्या.

महर्षी शांखल्य संख्याशास्त्रात पारंगत होते. घोर तप करून त्यांनी साक्षात काळपुरुषाला प्रसन्न करून घेतले आणि वर मागितला, "भगवन्, प्रजांच्या उत्कर्षामागे आणि ऱ्हासामागे जी लय आहे, ती मला दिसू दे." काळाने 'तथास्तु' म्हटले. तेव्हापासून सुवेणीला महापूर कधी येणार, दुष्काळ किती वर्षांनी फिरून येणार, नगरात यंदा किती विवाह होतील आणि किती चिता पेटतील, हे महर्षी वाळूवर बोटाने आकडे मांडून सांगत, आणि ते तसेच घडे. रत्नवती नगरीचा राजा उग्रवर्मा तर त्यांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकीत नसे. सदैव खरे ठरणाऱ्या मनुष्याला आपण चुकू शकतो याचा हळूहळू विसर पडतो, आणि महर्षींचेही तेच झाले.

एके दिवशी महर्षींची पत्नी वरेण्या होमशाळेच्या ओट्यावर दर्भ निवडत बसली होती. तोच महर्षी लगबगीने तिच्याकडे आले. त्यांचा चेहरा आनंदाने उजळला होता.

"वरेण्ये, गवसले! या भूमीवर असुरांनी जेव्हा जेव्हा शांततेचा संधी मोडला, तेव्हा तेव्हा सिंहासनावर मागच्या युद्धापासूनचा सातवा राजा होता. या क्रमात एकदाही खंड पडलेला नाही. आणि उग्रवर्मा हा सातवा आहे."

"त्या प्रत्येक वेळी पहिले शस्त्र कोणी उचलले होते?" तिने विचारले.

"ते गणितात येत नाही."

"मग का उचलले, हे तरी येते का?"

"देवी, पूर का येतो हे विचारत बसणारा बुडतो. केव्हा येतो हे जाणणारा तरतो."

"पुराला कान नसतात, स्वामी. माणसांना असतात, असुरांनाही असतात. कृपा करून हे राजाच्या कानावर घालू नका."

महर्षी हसले. लहान मुलाचे बोबडे बोल ऐकून हसावे तसे ते कौतुकाचे हसू होते, आणि ते वरेण्येला चांगलेच झोंबले. दुसऱ्याच दिवशी महर्षी रत्नवतीला गेले.

आता असुरांशी झालेला संधी कसा पाळला जाई, ते सांगितले पाहिजे. दर शरद ऋतूत सुवेणीचे पाणी उतरले की पर्वतावरचे असुर दिव्य औषधी घेऊन खाली येत आणि मोबदल्यात मीठ नेत. येताना ते सशस्त्रच येत, कारण निःशस्त्र फिरणे त्यांच्यात प्रेतालाच शोभते असे मानत. नदीच्या मध्यावर एक विस्तीर्ण शिळा होती. तिच्यापाशी आश्रमातला एक तपस्वी एकटाच, मधुपर्काचे पात्र घेऊन उभा राही. मग असुरनायक आपला परशू दोन्ही हातांनी मस्तकावर उंच उचली, सूर्याला दाखवी, आणि सूर्याच्या साक्षीने त्या शिळेवर ठेवून देई. आधी उचलायचा आणि मगच ठेवायचा, अशी ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. त्यानंतर पाहुण्याला मधुपर्क मिळे आणि दोन्ही तीरांना वर्षभराचे अभय.

त्या वर्षी शिळेपाशी उभे राहण्याचा मान वरेण्येच्या एकुलत्या एका पुत्राचा, प्रियश्रव्याचा होता. तिने स्वतः दही, तूप आणि मध एकत्र करून पात्र भरले, त्याचे उत्तरीय सारखे केले. "जपून जा, शेवाळ आहे," एवढेच ती म्हणाली. महर्षी शेजारीच उभे होते. काठच्या वेतवनात उग्रवर्म्याचे धनुर्धर दडून बसले आहेत, हे त्यांना ठाऊक होते. राजाने त्यांना विचारूनच ते बसवले होते. पण महर्षी एका शब्दाने बोलले नाहीत. युद्ध तर व्हायचेच होते. एका मुलाला घरी ठेवल्याने ते थोडेच टळणार होते!

सूर्य माथ्यावर यायच्या आधीच नदीकडून कोलाहल उसळला. शंख फुंकले गेले, भेरी दणाणल्या, बाणांच्या जाळ्याने आकाश झाकोळून गेले. असुरांनी उपटून फेकलेले प्रचंड पाषाण रथांवर आदळले, सारथ्यावाचून उधळलेले अश्व आपल्याच पायदळाला तुडवीत सैरावैरा धावले, सुवेणीचे स्फटिकनिर्मळ जल लाल झाले, आणि सायंकाळी रत्नवतीची पूर्ववेस धडधडून पेटली. वरेण्या आश्रमाच्या दाराशी उभी राहून मुलाची वाट पाहत होती.

मुलगा आला, पण तो वृद्ध असुरनायक शैलदंष्ट्राच्या हातांवर. तो पर्वतप्राय असुर रक्ताने माखला होता, आणि त्याच्या हातांवर प्रियश्रव्याचा निष्प्राण देह होता. त्याने तो अलगद तिच्यापुढे ठेवला.

"माते," तो म्हणाला, "मी परशू उंच उचलला, दरवर्षी उचलतो तसाच. तेवढ्यात वेतातून कोणीतरी ओरडले, 'आरंभ झाला! आरंभ झाला!' आणि प्रत्यंचा खेचल्या गेल्या. तुझा मुलगा त्यांच्याकडे वळून, हात हलवून थांबा, थांबा म्हणत होता. पहिला बाण त्यालाच लागला. पुढे जे झाले ते माझ्या लोकांनीही केले, आणि ते पाप मी माझ्या माथ्यावर घेतो. पण पहिला बाण आमचा नव्हता."

एवढे बोलून तो पर्वताकडे निघून गेला. वरेण्येने टाहो फोडला नाही. ती मुलाच्या उशाशी बसली आणि पहाटेपर्यंत जागची हलली नाही.

सकाळी उग्रवर्मा रथातून आला. त्याच्यामागे सेवकांनी सुवर्णछत्र धरले होते, आणि ते महर्षींसाठी होते.

"महर्षे, आपली वाणी अक्षरशः खरी ठरली!" राजा हात जोडून गर्जला. "सातवा राजा सिंहासनावर आला आणि संधी मोडला. रत्नवती आज आपल्याला त्रिकालज्ञ ही पदवी देत आहे. पुत्रवियोग दुःसह खरा, परंतु नियतीपुढे आपण सारेच निमित्तमात्र."

महर्षींचे डोळे रडून सुजले होते. पण त्यांच्या ओठांतून शब्द निघाले, "खरे आहे, राजन्. गणित चुकले नाही."

वरेण्या ताडकन उठली.

"शांखल्य!" आजवर ज्या साध्वीने पतीला कधी नावाने हाक मारली नव्हती, तिच्या तोंडून ते नाव निघाले. "धनुर्धर वेतात होते, हे तुला माहीत होते?"

महर्षी खाली पाहू लागले. "होते."

"आणि तू माझ्या पोराला पाण्यात उतरताना बघत राहिलास."

"वरेण्ये, ते अटळ होते. मी केवळ पाहिले, घडवले नाही. काळाच्या प्रवाहाला..."

"पुरे कर तो प्रवाह! राजा, तूही ऐक. तुझ्या त्या धनुर्धराने जन्मभर ही रीत पाहिली आहे. परशू दरवर्षी वर जातो आणि दरवर्षी खाली येतो. याच वर्षी त्याला तो खाली येईपर्यंत दम का निघाला नाही? तुम्ही दोघांनी त्याच्या कानात आकडा ओतला होता म्हणून! स्वतः घर पेटवायचे, आणि आग लागणार हे मी आधीच सांगितले होते म्हणून मिरवायचे? माझ्या पोराच्या प्रेतापाशी छत्र घेऊन येताना तुला लाज कशी वाटली नाही?"

"देवी, शोकाने आपले भान हरपले आहे," राजा म्हणाला.

"माझे भान शाबूत आहे. तुमचेच दोघांचे हरपले होते, आणि किंमत याने दिली!"

महर्षींना ते सहन होईना. त्यांनी बाहू उंचावून आक्रोश केला, "भगवन् काळपुरुषा, ज्याने मला वर दिला तो तूच ये आणि निवाडा कर!"

तत्क्षणी वारा पडला, होमाग्नीची ज्वाला जागच्या जागी स्थिर झाली, आणि मेघश्याम, अनिमिषनेत्र काळपुरुष त्या अंगणात प्रकट झाला.

"शांखल्य," तो म्हणाला, "पूर्वी गेलेल्या गाड्यांची चाकोरी मी तुला दाखवली होती. तू गाडीवानालाच तिच्यात बैल घालायला लावलेस."

"पण भगवन्, तो सात राजांचा क्रम! तो खोटा होता काय?"

"खरा होता. सातव्या पिढीला युद्ध म्हणजे काय हे सांगणारे कोणी उरत नाही, म्हणून तिला त्याचे भय वाटत नाही. लय एवढेच सांगत होती. तुझ्या पत्नीने तुला 'का' असे विचारले होते. त्या प्रश्नामागे गेला असतास, तर या राजाला तू जुन्या रणभूमीवरच्या अस्थी दाखवल्या असत्यास. तू त्याला नुसता आकडा सांगितलास आणि त्याने धनुष्ये काढली."

राजाचे तोंड पांढरे पडले. "मग... मग हा दोष कोणाचा?"

"माझा नाही," काळ म्हणाला.

तेव्हा वरेण्येने कमंडलूतील जल ओंजळीत घेतले. तपाने आणि क्रोधाने तिची मुद्रा मध्याह्नीच्या सूर्यासारखी दुर्निरीक्ष्य झाली. काळपुरुषही दोन पावले मागे सरला.

"ऐका!" ती म्हणाली. "आजपासून जो कोणी प्रजांचे भविष्य आकड्यांत मांडील, त्याचे गणित कितीही बिनचूक असो, त्याच्या हाती नेहमी एक जण उरेल. कसाही भागाकार करा, एक उरेलच. तो एक शस्त्र उचलील की ठेवील, हे त्या गणकाला कळणार नाही, त्याच्या राजाला कळणार नाही, आणि काळपुरुषा, तुलाही कळणार नाही. त्या एकाला शून्य समजून जो पुढे जाईल, त्याचे राज्य त्याच्याच डोक्यावर कोसळेल. आणि आपण केलेला वध जो संख्येच्या माथी मारील, त्याचे हात कोणत्याही तीर्थात धुऊन निघणार नाहीत!"

तिने जल भूमीवर सोडले. काळपुरुषाने मस्तक लववले आणि 'तथास्तु' म्हणून तो अंतर्धान पावला. उग्रवर्म्याने त्याच दुपारी सुवेणीत हात धुतले, मग गंगेत धुतले, मग सागरात धुतले. राज्य सोडून तो तीर्थामागून तीर्थे फिरत राहिला, आणि कोणत्याही घाटावरून त्याला समाधानाने परतलेले कोणी पाहिले नाही.

पुढच्या शरद ऋतूत नदीत उतरायला कोणी धजेना. रत्नवतीचे सगळे विद्वान सांगत होते की एकदा पेटलेले हे वैर आता तीन पिढ्या धुमसणार, आजवर तसेच झाले आहे. वरेण्येने मधुपर्काचे पात्र भरले आणि ती एकटी शिळेपाशी जाऊन उभी राहिली. समोर शैलदंष्ट्राने परशू मस्तकावर उंच उचलला. काठावरच्या लोकांनी डोळे मिटून घेतले. तिने मिटले नाहीत, ती त्या धारेकडे पाहत राहिली, आणि असुराने तो शिळेवर ठेवला.

तेव्हापासून आजतागायत राजांच्या पदरी गणक असतात. ते पुराचे, दुष्काळाचे, उदयास्तांचे हिशेब मांडतात, पुष्कळदा ते खरेही ठरतात, आणि माणसांचा प्रश्न आला की प्रत्येकाच्या हाती एक उरतो. महर्षी शांखल्यांनी छत्र परत पाठवले आणि ते उरलेले आयुष्य वाळूवर तोच भागाकार करीत बसले. नवे शिष्य येत, वाकून पाहत आणि विचारीत, "गुरुदेव, सगळे जुळले, पण हा शेवटी उरलेला एक कोण?"

आणि ते थोर गणितज्ञ दर वेळी सांगत, "माझा मुलगा."